दुसऱ्या वाटीतला थेंब

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
१४ जानेवारी

एग्या,

अक्षर ओळखलं असेलच. पाकीट तसंच कपाटावर टाकून देण्याआधी एवढं वाचा: हे पत्र कामाचं आहे. वडिलांची माफी मागायला मुलीनं लिहिलेलं नाही, आणि त्यांच्याकडून मागवायलाही नाही.

मी लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलंय. चित्रं भरपूर, ओळी थोड्या. इथल्या एका प्रकाशनानं ते घेतलंय आणि वसंतात छपाईला जायचंय. आपल्या गावातलं, अनोमाबोतलं एक बाळ, आठव्या दिवसाची पहाट, बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणणं, आजोबांची मांडी आणि दोन वाट्या. जिभेवर आधी पाण्याचा थेंब, मग मद्याचा. एवढीच गोष्ट. पण त्या वेळी आजोबा जे बोलतात ते मी नेहमी तुमच्या पाठीमागे उभं राहून ऐकलंय, त्यामुळे काही शब्द हुकले असतील. पानं सोबत आहेत. तपासून द्या. नावं ठेवण्यात तुमचा हात धरणारं गावात कुणी नाही, दोन्ही अर्थांनी.

एक चूक मात्र माझी नाही. कार्यालयातल्या कुणा हुशार माणसाला 'न्सु' आणि 'न्सा' हा एकच शब्द चुकून दोन तऱ्हांनी लिहिलाय असं वाटलं. त्यानं सगळीकडे 'न्सु' करून टाकलं. आता पानावर आजोबा बाळाला सांगतात, "पाणी असेल तर पाणी म्हण, आणि पाणी असेल तर पाणी म्हण." एका स्वरानं मद्याचं पाणी झालं. मी हसले आणि मग घाबरले.

पुस्तक का लिहिलं, हे तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. मी वाचनालयाच्या बालविभागात काम करते. आमच्या आफ्रिकेच्या फळीवर माणसांपेक्षा सिंह जास्त आहेत. आणि गेल्या शरदात माझ्या लेकीच्या, एकुआच्या वर्गात बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमचं नाव कुणी ठेवलं? कुणी म्हणालं आजीनं, कुणी म्हणालं पाद्रीबाबांनी. आमची एकुआ उभी राहिली आणि म्हणाली, "माझं कॅलेंडरनं ठेवलं. मी बुधवारी जन्मले म्हणून एकुआ." वर्ग हसला. तीही हसली. घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही.

पुस्तकातल्या बाळाला मी आईचं नाव दिलंय. न्यार्कोआ.

अराबा

ता. क. एकुआचा पुढचा दात पडला. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही असं समजा.


९ फेब्रुवारी

एग्या,

पानं मिळाली. तुमचा लाल पेन अजून वाळला नाही, हे पाहून बरं वाटलं. आजोबांचे शब्द दुरुस्त केलेत, बाळाला कोणत्या हातावर घ्यायचं ते सांगितलंत, चित्रातल्या आत्याच्या अंगावरचं लाल-काळं कापड मयताला नेसायचं असतं हेही लिहिलंत. चित्रकाराला कळवलं. बिचाऱ्याला रंग सुंदर वाटले होते.

आणि खाली ते वाक्य. "बाळाचं नाव काढून टाक. ते नाव देण्याचा अधिकार तुझा नाही. जिचा न्सा माझ्या दारी कुणी आणला नाही, तिच्या लेकीचा न्सा मी ओतणार नाही."

शब्दही बदलले नाहीत तुम्ही! एकुआ चार दिवसांची होती तेव्हा मी फोन केला होता. म्हटलं, नाव बापाच्या घरानं द्यायचं असतं, पण लामाँटच्या घरी आपली रीत कुणाला ठाऊक नाही, तेव्हा तुम्हीच द्या, आम्ही फोन स्पीकरवर ठेवतो, वाट्या तयार आहेत. तेव्हाही हेच म्हणालात आणि फोन ठेवलात. मुलीला मागणी घालायला मुलाकडचे येतात, दार ठोठावतात, बाटल्या पुढे ठेवतात. ते झालं नाही म्हणून जिभेवरचा थेंबही नाही. एकाच शब्दात तुम्ही दोन्ही कोंबलंत आणि त्याला कुलूप लावलंत.

मी तेव्हा सांगितलं होतं तेच आज सांगते. लामाँटला मी हे विचारणार नाही. तुमच्या अंगणातून किल्ला दिसतो. त्या किल्ल्यातून माणसं गुलाम करून जहाजांवर चढवली आणि बदल्यात किनाऱ्यावर रमची पिंपं उतरली, हे तुम्हीच आम्हाला शाळेत शिकवलंत, मुख्याध्यापक असताना, खडूनं नकाशा काढून. ती रम यायची कुठून? इथूनच, या बाजूच्या बंदरांतून. लामाँटचे लोक त्याच जहाजांतून आलेले; त्याच्या घरात खापरपणजोबांच्या पलीकडे एक नाव नाही. त्या माणसाला मी सांगू, की ये बाबा, त्याच किनाऱ्यावर बाटल्या ठेव आणि माझ्या लोकांकडून एक माणूस घेऊन जा? मला ते तोंडातून काढवत नाही. तुम्ही याला हट्ट म्हणा.

बाळ आठ दिवसांचं होईपर्यंत पाहुणं असतं, राहील किंवा परत जाईल, असं तुम्हीच म्हणता ना? मग माझी लेक तुमच्या हिशेबात सात वर्षं पाहुणीच आहे. तिला भाजी चिरता येते, सायकल येते, माझ्यासारखं तिरकं बोलता येतं. अजून किती दिवस दारात उभं करणार आहात तिला?

नाव काढते. रागावूनच काढते.

अराबा


३ मार्च

एग्या,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिलं तर अर्धं समजावण्यातच जाईल.

आता प्रकाशनाला न्सा नकोय.

माझ्या संपादक शरीस, आपल्यासारख्याच काळ्या, जॉर्जियात वाढलेल्या, तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या चांगल्या. माझं पुस्तक त्यांनीच भांडून घेतलं होतं. परवा त्यांनी फोनवर विषय काढला.

"अराबा, ऐक. बाळाच्या तोंडात दारू. शाळांच्या समित्या हे पान उघडतील आणि पुस्तक मिटून ठेवतील."

"एक थेंब आहे, शरीस. बोटाच्या टोकावरचा."

"मला ठाऊक आहे. त्यांना नाही. ते म्हणतील, बघा, ही माणसं पोरांना पाळण्यातच दारू पाजतात. आजवर आपल्याबद्दल काय काय छापलं गेलं ते तुला मी सांगायला हवं? मी हे पुस्तक त्यांच्या हातात काठी म्हणून देणार नाही."

मी त्यांना दोष देत नाही, एग्या. कारण त्या घाबरट नाहीत. त्यांनी अशी पुस्तकं कपाटातून बाहेर फेकलेली पाहिली आहेत. मग त्या थोड्या मऊ झाल्या. म्हणाल्या, "दुसऱ्या वाटीत नारळपाणी घालू. सुंदर दिसेल. तुमच्याकडे नारळ आहेतच की."

"शरीस, त्यालाही आम्ही पाणीच म्हणतो."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही वाट्यांत पाणी. मग बाळानं ओळखायचं काय?"

त्यांनी पान उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बरं, मग दुसऱ्या वाटीत काय आहे ते लिहूच नको. नुसतं 'दुसरी वाटी'. ज्यांना कळायचं त्यांना कळेल." महिनाअखेरपर्यंत होय किंवा नाही सांगायचंय. नाही म्हटलं तर पुस्तक थांबेल आणि या वर्षी त्या जागी दुसरं कुणाचं तरी जाईल. पुढच्या वर्षाचं त्या सांगत नाहीत.

समोर जे आहे त्याला त्याच्या नावानं हाक मार, एवढं शिकवायला तो विधी आहे. आणि त्या विधीच्या पुस्तकात मीच वाटी झाकून ठेवू?

तरी खरं सांगते, मी 'होय' लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही. वाचनालयात एक बारकी मुलगी येते, तिला दोन वेण्या आहेत, ती आमच्या त्या फळीसमोर उभी राहते आणि काही न घेता परत जाते. तिच्याकडे बघितलं की वाटतं, एक थेंब गेला तर जाऊ दे. दुसऱ्या क्षणी तुमचा लाल पेन दिसतो. तुम्ही नाव काढायला लावलंत, शरीस वाटी रिकामी करायला सांगताहेत. दोघांचं ऐकलं तर उरेल काय? बिननावाचं बाळ आणि दोन वाट्या पाणी.

तुम्ही काय केलं असतं? विचारतेय, टोमणा नाही.

अराबा


२० मार्च

एग्या,

घरात स्फोट झालाय. त्याचा आवाज तिकडे आला नसेल तर मीच ऐकवते.

लामाँटची आई आमच्या खालच्या मजल्यावर राहते. नाव व्हर्लीन, पण सगळं वूस्टर तिला मिस व्हर्लीनच म्हणतं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, आता चर्च आणि एकुआ. रविवारी ती तांबडा भात घेऊन वर आली. मी पानं टेबलावर पसरून बसले होते. तिनं चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली.

"या बाळाला नाव का नाही? इथं मोकळी जागा सोडलीस."

"माझ्या वडिलांनी काढायला लावलं."

"का?"

मी म्हटलं, लांबलचक गोष्ट आहे. ती खुर्ची ओढून बसली. मिस व्हर्लीन बसली की उठत नाही. मग सांगितलं. दार, बाटल्या, न्सा, फोन, सगळं. किल्ल्याचंही सांगितलं आणि म्हटलं, तुमचा अपमान होऊ नये म्हणून मी हा विषय तुमच्यापर्यंत येऊच दिला नाही. मला वाटलं, ती माझा हात हातात घेईल.

"म्हणजे तुझ्या बापानं आम्हाला बोलावलं होतं?"

"बोलावलं असं नाही, ते म्हणाले की रीतीप्रमाणे—"

"दार ठोठावा म्हणाला की नाही?"

"हो."

"आणि तू आम्हाला सांगितलंच नाहीस."

"अहो, पण तुमच्या पूर्वजांना तिथूनच—"

"माझे पूर्वज मला शिकवू नकोस, पोरी!" तिनं टेबलावर हात आपटला, भाताचं झाकण उडालं. "माझ्या पणजीच्या आईला मागायला कुणी आलं नव्हतं. तिला विकत घेतलं होतं. तिच्या लेकीलाही कुणी विचारलं नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणी टोपी घालून, चार माणसं घेऊन, कुणाच्या दारात उभं राहून 'तुमची मुलगी आमच्या घरात द्या' असं म्हटलेलं नाही. आम्हाला घराणं समजून कुणी पहिल्यांदा बोलावलं, आणि ते बोलावणं तू फ्रिजच्या मागे टाकून दिलंस! माझा अपमान कशानं होतो ते मी ठरवीन. तू कोण?"

लामाँट दारात उभा होता. तो हीटर दुरुस्त करतो आणि घरात भांडण झालं तरी आधी यंत्रच बघितल्यासारखा बघतो. त्यानं एवढंच विचारलं, "बाटली कुठल्या प्रकारची लागते?"

मी चुकले असं मी अजूनही म्हणत नाही. किल्ला जागच्या जागी आहे. पण रात्रभर रडले तेही खरं.

एक गोष्ट झाकून पाहिली होती, दुसरी झाकवेना; सकाळी शरीसना फोन केला. म्हटलं, थेंब राहील आणि त्याचं नावही राहील. त्या म्हणाल्या, "मग माझे हात बांधलेले आहेत, अराबा." मी म्हटलं, ठाऊक आहे. त्यांनी फोन ठेवण्याआधी मोठा सुस्कारा टाकला. पुस्तक थांबलं.

आम्ही येतोय. चौघं. इस्टरच्या आठवड्यात. मामा आतोंना कळवलंय, रीतीप्रमाणे तेच निरोप घेऊन येतील. तुम्ही घरी नसाल तर कुठे असाल तेही कळवा, म्हणजे तिथलं दार ठोठावू. मिस व्हर्लीनला 'नाही' म्हणून बघा एकदा.

अराबा


अनोमाबो
शुक्रवार, इस्टरचा आठवडा

एग्या,

तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बसून पत्र लिहितेय, हसू नका. मागणी झाल्याशिवाय आत यायचं नाही, म्हणून अतिथिगृहात उतरलोय. मामा आतो ही चिठ्ठी घेऊन येतील.

काल मिस व्हर्लीन किल्ल्यावर गेली. कुणालाही बरोबर घेतलं नाही. परत आली तेव्हा जोडे हातात होते. बसून मक्याचे केंके आणि मासे पोटभर जेवली. मी विचारलं नाही.

उद्या सकाळी ती बोलणार आहे, लामाँट नाही. तुमच्या वतीनं मामा विचारतील, "काय आणलंत?" आणि तिला एकच शब्द म्हणायचाय. विमानात बसल्यापासून पाठ करतेय. पण तिच्या तोंडातून 'न्सा' येतच नाही. दर वेळी 'न्सु'! एकुआ सुधारते, "आजी, आ कर, डॉक्टरसमोर करतेस तसा." मग एकदा बरोबर येतं आणि लगेच परत पाणी.

तेव्हा ती उद्या तुमच्या दारात, सगळ्या भाऊबंदांसमोर, हातात मद्याची बाटली धरून तिला पाणी म्हणेल, अशी दाट शक्यता आहे. तुमच्या पुढ्यात यापेक्षा मोठी चूक कुणी केलेली नसेल. खोट्यासाठी तुम्ही माणसांना अंगणातून परत पाठवलंय, ते मी पाहिलंय.

ते खोटं नसेल, एग्या. त्या शब्दाचा फरक तिच्या जिभेला कुणी शिकवलेला नाही. दार लावण्याआधी एवढा विचार करा. मी तुमच्याकडे याआधी काही मागितलं नाही, फोनवरही हक्कानं बोलले होते. आज मागतेय.

अराबा


विमानातून
सोमवार

एग्या,

निघताना तुम्ही म्हणालात, "घडलं तसं लिही आणि तपासायला पाठव." लिहितेय. लाल पेन काढून ठेवा.

सकाळी मिस व्हर्लीननं चर्चची जांभळी टोपी घातली आणि पांढरे हातमोजे. दार उघडंच होतं, तरी तिनं तीन टकटका मारल्या. अंगणात सगळं घराणं बसलेलं. मामा आतोंनी खणखणीत आवाजात विचारलं, "एवढ्या लांबून आलात. काय आणलंत?"

तिनं बाटली दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाली, "न्सु."

मागच्या पोरी फिस्सकन हसल्या. मामांनी जमिनीकडे बघितलं. लामाँटला कळलंच नाही, तो अभिमानानं उभा. आणि तुम्ही उठलात.

तुम्ही तिच्या हातातून बाटली घेतलीत, बूच काढलंत, तळहातावर थेंब घेऊन चाखलात. सगळं अंगण तुमच्या तोंडाकडे बघत होतं. मग तुम्ही इंग्रजीत, वर्गात बोलायचात तसं सावकाश, म्हणालात, "बाईसाहेब, ज्याच्या जिभेवर हे दोन थेंब कुणी ठेवले नाहीत, त्याला फरक कळत नाही. त्यात दोष त्याचा नसतो. ज्यांनी ठेवायचे होते त्यांचा असतो."

एवढं बोलून तुम्ही किल्ल्याकडे पाहिलंत. ते मी पाहिलं. मग म्हणालात, "दोन वाट्या आणा."

मला वाटलं, एकुआसाठी. तुम्ही दोन स्टुलं मांडायला लावलीत. एकावर एकुआ, दुसऱ्यावर मिस व्हर्लीन, टोपीसकट.

एकुआला पाणी दिलंत, ती म्हणाली, "न्सु." मद्य दिलंत, तिनं डोळे मिटले, नाक आक्रसलं, जीभ बाहेर काढली आणि ओरडली, "न्सा!" अंगण हसलं. तुम्ही हसला नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही आईचं नाव उच्चारलंत. त्या घरात ते नाव मोठ्यानं घेतलेलं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. आवाज फाटला तुमचा. हे वाक्य खोडू नका.

मग तुम्ही मिस व्हर्लीनकडे वळलात. पाणी. मद्य. तिनं दोन्ही नीट म्हटले, दुसऱ्या शब्दाला तोंड पूर्ण उघडून, डॉक्टरसमोर करतात तसं. तुम्ही विचारलंत, कोणत्या वारी जन्मलात? तिला ठाऊक नव्हतं. लामाँटनं फोनवर जुनं कॅलेंडर शोधलं. शुक्रवार.

"एफुआ," तुम्ही म्हणालात.

तिनं हातमोजे काढले, डोळे पुसले आणि मग अख्ख्या अंगणाला दटावलं, "काय बघताय? माझं बारसं चाललंय."

आता पुस्तकाचं. अक्रात विमानाची वाट बघताना शरीसचा निरोप आला. मी त्यांना हे सगळं कळवलं होतं, भांडायला नाही, सांगावंसं वाटलं म्हणून. त्यांनी एवढंच विचारलंय, "दुसऱ्या थेंबानं मुलीचं तोंड नक्की कसं झालं? नीट लिही. चित्रकाराला सांगायचंय." ना होकार, ना नकार. मी नाकापासून जिभेपर्यंत सगळं लिहून पाठवलं. मोकळ्या जागेत नावही भरलं, आता ते दिलेलं आहे.

किल्ल्यावरून आपलं भांडण संपलेलं नाही. पुढच्या पत्रात भांडू. एकुआला स्वतंत्र पत्र लिहा, मीच तुमची टपालपेटी आहे असं समजून ती मला निरोप सांगत बसते.

आत्ताच विमानातल्या मुलीनं मिस व्हर्लीनला पेला दिला. पारदर्शक, काय आहे ते नुसतं बघून कळण्यासारखं नाही. तिनं घोट घेतला, जिभेवर थोडा धरला.

"न्सु," ती म्हणाली.

पलीकडच्या खुर्चीतून एकुआ न्यार्कोआनं तुमच्यासारखीच मान हलवली. बरोबर.

अराबा